डाव्या हाताचा दवाखाना

आप्पांनी घास हळूच उजव्या गालात सरकवला आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून टेबलाभोवती नजर फिरवली. थोरली सून पाहत होती. पाहणारच! या बाईच्या नजरेतून आजवर काही सुटलं असेल तर शपथ. पण पाण्याचं भांडं तिने त्यांच्याकडे सरकवलं आणि मान खाली घालून जेवू लागली.

रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं हा आप्पांचा हुकूम होता. थोरला मुलगा दातांचा डॉक्टर झाला, त्याने चौकात दवाखाना थाटला, रस्त्यापलीकडे स्वतःचं घर केलं, तरी हुकूम कायम. धाकटा आप्पांजवळच राहिला. तो बसडेपोत इंजिनं दुरुस्त करायचा आणि डेपोत काय, घरात काय, सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे. टेबलाच्या एका बाजूला हे तिघे बाप-लेक एका ओळीत बसत आणि सुना समोर. त्यालाही कारण होतं. आप्पा डावखुरे, डॉक्टर डावखुरा, मिस्त्री डावखुरा. समोरासमोर बसले तर ठीक, पण मधे एखादा उजव्या हाताचा माणूस आला की कोपराला कोपर लागून आमटी सांडलीच म्हणून समजा. या घरातल्या कात्र्या डाव्या हाताच्या, दाराच्या कड्या भलत्या बाजूला आणि ओट्यावरची सगळी मांडामांड उलटी. बाहेरून आलेला पाहुणा भांबावून जायचा. घरच्यांना मात्र जगच तसं वाटायचं.

आज समोरच्या बाजूची एक खुर्ची रिकामी होती. धाकटी सून सकाळीच बाहेर पडली होती. उद्या तिची दंतसहायक कोर्सची प्रात्यक्षिक परीक्षा, कुठल्याही दवाखान्यातून फोनवर द्यायची, आणि आज एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तिची रंगीत तालीम.

"एव्हाना यायला हवी होती," मिस्त्री तिसऱ्यांदा म्हणाला.

"येईल रे. पेशंट संपल्याशिवाय सोडतात होय?" आप्पा म्हणाले. बोलताना डाव्या दाढेतून कळ गेली. ती त्यांनी खोकल्यात लपवली.

तेवढ्यात दार वाजलं आणि धाकटी आत आली. चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली, सगळं नेहमीसारखं. पण चेहरा असा की मिस्त्री अर्धा उभाच राहिला.

"काय झालं गं?"

"सगळं उलटं शिकलेय मी," धाकटी म्हणाली आणि रिकाम्या खुर्चीत बसली. "सगळं. पहिल्यापासून."

"म्हणजे?"

"मी जाऊन पेशंटच्या उजव्या बाजूला बसले. तर त्या म्हणाल्या, अहो, तिथे मी बसते. मग पलीकडे गेले. तिथे हातच चालेनात. कुठल्या हातात नळी धरायची, कुठल्या हाताने हत्यार द्यायचं, सगळा गोंधळ. आरसा मागितला तर मी त्यांच्या चुकीच्या हातात ठेवला. दोनदा कोपराला कोपर लागलं. पेशंट बिचारा आमच्या दोघींकडे टकामका बघतोय." तिने नाक ओढलं. "बाई चांगल्या आहेत हो. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुझे हात स्वच्छ चालतात, पण आरशातल्यासारखे. कुणी शिकवलं तुला असं?"

मिस्त्री हळूच खाली बसला. कारण कुणी शिकवलं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

कोर्स ऑनलाइन. रोज संध्याकाळी धाकटी फोन डब्याला टेकवून उभा करायची. पुढच्या खोलीत, जिथे आप्पा पूर्वी कवळ्या बनवायचे आणि अजूनही कपाटात प्लास्टरचे जबडे रांगेने हसत बसलेले असायचे, तिथल्या दिवाणावर आप्पा पेशंट म्हणून आडवे. मिस्त्री डॉक्टर. चहाचा चमचा त्याचा आरसा, बारीक पेचकस त्याचं हत्यार आणि सायकलच्या पंपाची नळी म्हणजे थुंकी ओढायचं सक्शन. आता मिस्त्री पडला डावखुरा. तो आपसूक आप्पांच्या डाव्या अंगाला बसला. मग धाकटीला जागा उरली उजवीकडची.

"मी विचारलं होतं तुम्हाला," धाकटी नवऱ्याला म्हणाली. "व्हिडिओतली बाई पलीकडच्या बाजूला बसलीय, मी इकडे कशी? तर तुम्ही म्हणालात, फोन उलटं दाखवतो."

"दाखवतोच की!" मिस्त्री कळवळून म्हणाला. "सेल्फी काढली की माझ्या शर्टावरचं डेपोचं नाव उलटं येत नाही?"

"आणि आप्पा म्हणाले, डॉक्टर इकडेच बसतात, मी काय माझ्या मुलाला काम करताना पाहिलं नाही?"

आप्पांनी ताटात पाहिलं. म्हणाले होते खरे. छातीवर हात मारून म्हणाले होते. दुसऱ्या कुठल्या दातांच्या डॉक्टरकडे त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, मग त्यांना तरी दुसरं काय माहीत असणार?

"पुढे ढकल ना परीक्षा," डॉक्टर म्हणाला. ताटावरची नजर त्याने काढली नव्हती.

"पुढची बॅच कधी बसेल ते त्यांनाच माहीत नाही, भाऊजी. आणि हॉस्पिटलचा नवा दातांचा विभाग पुढच्या आठवड्यात सुरू होतोय. पास होऊन आले तर जागा माझी, असं तिथल्या मुख्य बाईंनी सांगितलंय. नाही गेले तर दुसरीला देतील. त्या तरी किती थांबणार?" तिने समोरचं रिकामं ताट जरा बाजूला सारलं. "बिल्ल्यावर घालायचं नावसुद्धा लिहून घेतलं होतं त्यांनी."

हे मात्र आप्पांना लागलं. या घरात आल्यापासून ती कवळीवाल्यांची सून, मिस्त्रीची बायको, डॉक्टरांची भावजय. लेखी परीक्षेत पहिली आली तेव्हा शेजारणीने अभिनंदन कुणाचं केलं? आप्पांचं! आणि आप्पांनी ते खुशाल घेतलं होतं.

मिस्त्रीने बोटं मोडली. मग अगदी सहज सुचल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "दादा, तू डावखुरा आहेस."

"नाही."

"नाही काय? आहेस."

"जे विचारणार आहेस त्याला नाही म्हणतोय. घर आणि दवाखाना एकत्र आणायचं नाही. आपलं ठरलंय." डॉक्टरने आता वर पाहिलं. "आप्पांच्या हाताखाली तू आणि मी एकत्र काम केलं, त्याचं काय झालं? किती दिवस बोलत नव्हतो आपण? पुन्हा नको ते."

"अरे पण एका सकाळचा प्रश्न आहे!"

"आणि मला हाताखाली माणूस लागत नाही. किती आल्या, किती गेल्या. सगळ्या त्या बाजूने शिकलेल्या, माझ्याबरोबर बसल्या की रोज धडकाधडकी. एकटा करतो मी सगळं. छान चाललंय." त्याने आधारासाठी बायकोकडे पाहिलं. हा नियम मुळात तिचाच होता. दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसून फोन आणि वेळा सांभाळायच्या त्या तिनेच, नात्यातल्या दुसऱ्या कुणाचा पाय आत नको, हे तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

थोरलीने हातातला चमचा खाली ठेवला.

"लागतं," ती म्हणाली.

"काय?"

"माणूस. लागतं तुम्हाला. रोज घरी आल्यावर खांदा शेकून कोण देतं? मी. सदऱ्याच्या बाहीत हात घालताना तोंड वाकडं होतं, ते मला दिसत नाही असं वाटतं का? एका हाताने आरसा, दुसऱ्याने ड्रिल, मधेच वाकून हत्यार घ्या, परत वळा, परत दात शोधा. पेशंटच्याच हातात नळी देता, तो बिचारा भलतीकडे ओढत बसतो. छान चाललंय म्हणे!"

डॉक्टरने खांदा चोळायला उचललेला हात खाली घेतला. आप्पांना मनातून गुदगुल्या झाल्या. या दोघी जावांचं एकमेकींशी कधी वाकडं नव्हतं, पण फार सख्य होतं असंही नाही. आणि आज थोरली धाकटीच्या बाजूने उभी! धाकटी तर डोळे विस्फारून बघत होती.

"वहिनी, मला खरंच..."

"तू थांब. मी काही तुझ्यासाठी बोलत नाहीये. यांच्या खांद्यासाठी बोलतेय," थोरली फणकारली. पण पाण्याचं भांडं तिने धाकटीपुढे ठेवलं. "पेशंट कोण पण? खरा पेशंट लागतो ना?"

"खरा. खरं काम असलेला. आणि फोनवर चित्रण करायला त्याची हरकत नसली पाहिजे."

"मग झालंच. इथेच बसलाय तो." थोरलीने आप्पांकडे वळून पाहिलं. "आप्पा, डाव्या दाढेत काय जपून ठेवलंय? महिनाभर त्या बाजूने घास गेलेला नाही."

आप्पा रंगेहाथ पकडले गेले. मिस्त्री आधी चकित झाला, मग फस्सकन हसला, मग बापाचा चेहरा बघून गप्प बसला.

हसण्यासारखंच होतं म्हणा. अख्ख्या वस्तीला आप्पांनी दात दिले होते. सुपारी फोडतील अशा कवळ्या त्यांच्या हातच्या, असं लोक म्हणत. आणि स्वतःच्या तोंडात मात्र देवाने दिलेले सगळे दात जागच्या जागी. कुणी विषय काढायचा अवकाश, आप्पा ओठ वर करून दाखवायचे. पण ओठ वर करून, तेवढंच. आ करून आत डोकावू दिलं नव्हतं कुणालाच, पोटच्या डॉक्टरलासुद्धा नाही. दिवाणावर इतके महिने आडवे पडले तेही मिटल्या तोंडाने. "समज की उघडलंय," असं म्हणायचे, आणि बिचारी धाकटी मिटल्या ओठांवरून चमचा फिरवत सगळे धडे गिरवायची. कारण सांगायला त्यांना मरण आलं असतं. कारण होतं सुई. तिचं नुसतं नाव निघालं तरी ते काहीतरी निमित्त काढून उठायचे.

"मला काही झालेलं नाही," आप्पा म्हणाले.

"बघा बरं," थोरली म्हणाली.

धाकटी उठली. "राहू दे, वहिनी. आप्पांवर जबरदस्ती नको. भाऊजींवरही नको. मी कोर्सवाल्या बाईंना कळवते, येत नाही म्हणून." आणि ती ताटं गोळा करायला लागली. घाई नाही, आदळआपट नाही. उजव्या हाताने एकेक ताट उचलायची, डाव्या हातावर रचायची. रडली असती तर आप्पांनी काहीतरी समजूत घातली असती आणि सुटले असते. ती रडली नाही, हीच मोठी पंचाईत झाली.

आप्पांनी घसा खाकरला.

"थोरल्या, सकाळी किती वाजता दवाखाना उघडतोस?"

डॉक्टरने बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग ताटं घेऊन थबकलेल्या भावजयीकडे. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर.

"वेळेवर या," तो शेवटी म्हणाला. "उपाशीपोटी येऊ नका."

सकाळी दवाखान्यात पोहोचल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो स्टुलाचा. डॉक्टरचं एक होतं. दुसरं, शेवटची सहायक सोडून गेल्यापासून, कपाटावर धूळ खात पडलेलं. मिस्त्रीने ते खाली काढलं, पुसलं, अडकलेल्या दांड्यात तेल घातलं आणि फिरवून फिरवून वर चढवलं.

"इतकं उंच?" डॉक्टर म्हणाला.

"सहायकाने डॉक्टरांपेक्षा वीतभर उंच बसायचं असतं," मिस्त्री ऐटीत म्हणाला. "म्हणजे तिला वरून तोंडात नीट दिसतं. सगळे धडे पाठ आहेत मला. उगाच नाही इतके महिने डॉक्टरकी केली."

"ऐका," आप्पा खुर्चीत बसता बसता म्हणाले, "आपल्या घराण्यात थोरल्याच्या डोक्यावर बसणारी ही पहिलीच धाकटी." हसले सगळे, पण आप्पांचं स्वतःचं हसू अर्ध्यावरच राहिलं. खुर्ची मागे कलायला लागली होती. छत दिसलं, दिवा दिसला, लवंगेचा वास आला. पायाचे अंगठे आपोआप आखडले.

आता फोनचं आलं. त्याचा स्टँड भिंतीला पक्का ठोकलेला, तो नेमका डॉक्टरच्या पाठीमागे. परीक्षक बाईंना दिसणार काय, तर डॉक्टरची पाठ. थोरलीने एक शब्द न बोलता पायाखाली छोटं स्टूल ओढलं, वर चढली आणि फोन धरून हात लांब केला.

"हात भरून येईल, वहिनी."

"येऊ दे. तू तुझं बघ."

फोनमधून चष्मा लावलेल्या परीक्षक बाईंचा आवाज आला. नाव, नंबर, पेशंटची परवानगी, सगळं झालं. धाकटीने हात धुतले, मास्क लावला, हातमोजे चढवले आणि आप्पांच्या उजव्या बाजूच्या त्या उंच स्टुलावर बसली. डॉक्टर डावीकडे.

"थांबा," बाई म्हणाल्या. "सहायक चुकीच्या बाजूला बसलेली आहे."

घ्या! सुरुवातीलाच!

"नाही मॅडम," धाकटी म्हणाली. "डॉक्टर डावखुरे आहेत."

डॉक्टरने आरसा धरलेला उजवा हात आणि रिकामा डावा हात असे दोन्ही वर करून दाखवले.

फोनमधून कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "इतक्या परीक्षा घेतल्या, हे पहिल्यांदाच बघतेय. मांडणी तोंडी सांगा मला. घड्याळावर."

"पेशंटचा चेहरा म्हणजे घड्याळ," धाकटीने सुरू केलं. "डोक्याकडे बारा, हनुवटीकडे सहा. उजव्या हाताचे डॉक्टर असतील तर ते नवाच्या बाजूला बसतात आणि सहायक तिनाच्या. इथे मी नवाकडे. सक्शन माझ्या डाव्या हातात. हत्यारं उजव्या हाताने द्यायची, हनुवटीखालून, पेशंटच्या डोळ्यांवरून कधीच नाही."

काल दुपारी पोरगी म्हणत होती, मी सगळं उलटं शिकलेय. आणि आज दोन्ही बाजू घडाघडा सांगत होती! आप्पांना वाटलं, टाळी वाजवावी. पण दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे दांडे गच्च धरले होते.

"आप्पा," धाकटी वाकून हलकेच म्हणाली, "आता समज की उघडलंय, चालणार नाही."

आप्पांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्या कुणासाठी.

"किती दिवस झाले हे?" डॉक्टरने आत पाहून विचारलं. आवाजात डॉक्टर कमी आणि मुलगा जास्त होता. "वेळेवर आलात. नस वाचलीय. दाढ भरून टाकू."

मग आप्पा सुईची वाट बघू लागले. कान टवकारून, डोळे किलकिले करून. ती दिसली की उठून पळायचं, हे त्यांनी नक्की केलं होतं. परीक्षा गेली खड्ड्यात, माफी मागता येते. त्यांच्या खांद्यावर धाकटीचा हात आला. "नाकाने श्वास घ्या. पायाची बोटं सैल सोडा. अशी. अजून." आप्पांनी बोटं सैल सोडली. हिरडीला मुंगी चावल्यासारखं झालं. त्यांनी वाट पाहिली. अजून वाट पाहिली. शेवटी राहवेना, तेव्हा उघड्या तोंडानेच त्यांनी प्रश्नार्थक आवाज काढला.

"सुई? झाली की आप्पा," धाकटी म्हणाली.

झाली? कधी? कुठून आली, कुठे गेली? जन्मभर ज्या सुईला घाबरत आले, ती या पोरीने हनुवटीखालून अशी नेली-आणली की त्यांना तिची सावलीसुद्धा दिसली नाही! आप्पांना आधी फसवल्यासारखं वाटलं आणि मग इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. परीक्षक बाईंना ते दुखण्याचं वाटू नये म्हणून त्यांनी ते घाईघाईने मिचकावून टाकलं.

पण खरी अडचण पुढेच होती, आणि ती डॉक्टरची होती. एकट्याने काम करायची सवय हाडीमाशी खिळलेली. ड्रिल थांबलं रे थांबलं की त्याचा हात आप्पांवरून पलीकडे ट्रेकडे जायचा. एकदा गेला. धाकटीने पुढे केलेलं हत्यार तसंच तिच्या हातात राहिलं. दुसऱ्यांदा गेला.

"डॉक्टर," फोनमधून आवाज आला, "हत्यारं तुम्हीच घेतलीत तर मार्क मी कुणाला देऊ? पुन्हा असं झालं तर मला परीक्षा थांबवावी लागेल."

डॉक्टरचे कान लाल झाले. दवाखान्यात त्याला कुणी असं बोलल्याची ही पहिलीच वेळ. खाली पडल्या पडल्या आप्पांना त्याच्या डोळ्यांत तो जुना ताठा चढताना दिसला, जो त्यांच्याच डोळ्यांत लोकांना दिसायचा. आता हा हातमोजे काढून निघून जाणार. आणि तसं झालं तर पुढची कित्येक वर्षं रविवारच्या टेबलावर कोण कुणाशी बोलणार नाही, हेही त्यांना स्पष्ट दिसलं. इतकी वर्षं घरातलं प्रत्येक भांडण त्यांनी तोंडाने मिटवलं होतं. आज नेमकं तोंडच दुसऱ्याच्या ताब्यात.

ड्रिल थांबलं. डॉक्टरचा हात पुन्हा निघाला.

धाकटीने कोपराने ट्रे आपल्याकडे ओढून घेतला. सरळ त्याच्या हाताबाहेर.

"डॉक्टर," ती म्हणाली. भाऊजी नाही, डॉक्टर. "हात तिथेच ठेवा. मी देते."

दाराशी मिस्त्री पुतळा झाला होता. डॉक्टरचा डावा हात हवेत तसाच. मग, अगदी हळू, तो हात जिथून निघाला होता तिथे परत गेला आणि आप्पांच्या हनुवटीजवळ पंजा उघडून थांबला. धाकटीने हवं ते हत्यार त्यात ठेवलं. बरोबर पकडीत बसेल असं.

त्यानंतर जे चाललं ते आप्पा पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. एक गेलं की दुसरं हजर. डॉक्टरने मागायच्या आधी हजर. नळी नेमकी जिथे पाणी साठेल तिथे, आणि गालाला कुठेही ओढ नाही. डॉक्टरने दातावरून नजर म्हणून हलवली नाही. आप्पांना ती किंमत कळत होती. मेणात दात बसवताना हत्यार शोधायला मान वळवली की मेण थंड व्हायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. कुणी हातात आणून द्यावं, हे सुख त्यांना कधी लाभलं नव्हतं. आज त्यांच्या मुलाला लाभत होतं. खुर्चीत आल्यापासून मुलाचा डावा खांदा कानापर्यंत चढलेला होता, तो हळूहळू खाली यायला लागला. आप्पा पाहत राहिले. या घरात उजव्या हाताची माणसं दोनच, आणि त्यातल्या एकीचा उजवा हात त्यांच्या लेकाच्या डाव्या हाताला असा पुरा पडत होता, जणू दोघं कैक वर्षं शेजारी बसत आले आहेत.

"चावून बघा," डॉक्टर म्हणाला. आप्पांनी निळ्या कागदावर दात टेकवले. "अजून थोडं." मग खुर्ची सरळ झाली.

"मार्क नंतर येतील," परीक्षक बाई म्हणाल्या. "पण पास आहात हे आत्ताच सांगते. पेशंटला सुई दिसली नाही, आणि ट्रे हलवलात ते बरोबर केलंत. बऱ्याच जणींना तेवढा धीर होत नाही. मात्र हॉस्पिटलात बहुतेक उजव्या हाताचे डॉक्टर भेटतील. दुसरी बाजूही हाताखालून गेली पाहिजे."

"हो मॅडम. शनिवारी जातेय शिकायला. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्यात."

फोन बंद झाला आणि मिस्त्रीने असा काही आरडाओरडा केला की बाहेर बसलेला पेशंट दारातून डोकावला. "माझ्या हाताखाली शिकलीय ती!" मिस्त्रीने त्या अनोळखी माणसालाही सांगून टाकलं. धाकटीने मास्क काढला. ती हसत होती. आप्पांना तिला काहीतरी मोठं, भरभरून बोलायचं होतं. पण अर्धं तोंड बधिर, ओठ लोंबलेला. एकाही शब्दाला आकार येईना. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

डॉक्टर पाठमोरा होऊन हात धूत होता. बराच वेळ धूत होता.

"उद्यापासून इथेच ये," तो नळाला उद्देशून म्हणाल्यासारखा म्हणाला. "घर आणि दवाखाना... बघू काय ते."

आप्पांना वाटलं, झालं! सगळं जिंकलं! पण धाकटीने मान हलवली.

"नाही, भाऊजी. हॉस्पिटलला शब्द दिलाय मी. राग मानू नका."

डॉक्टर वळला. त्याने मागितलेलं कुणी नाही म्हणणं, हेही आज पहिल्यांदाच होत होतं. पण तो चिडला नाही. डावा खांदा गोल फिरवून पाहिला, आणि मान डोलावली. "शब्द दिलायस तर जायलाच हवं," तो म्हणाला. "चांगलं काम केलंस. फार चांगलं." मग त्याने त्या उंच स्टुलाकडे पाहिलं आणि मिस्त्रीला म्हणाला, "ठेव रे ते परत कपाटावर."

"ठेवू नका," थोरली म्हणाली.

ती अजून तिथेच, पायाखालच्या छोट्या स्टुलावर उभी होती. फोनचा हात खाली आला होता, दुसऱ्या हाताने ती दंड चोळत होती.

"इतकी वर्षं दाराबाहेर बसून पेशंटना सांगतेय, घाबरू नका, काही दुखत नाही. आत काय चालतं, ते आज पहिल्यांदा बघितलं." ती धाकटीकडे वळली. तिच्या आवाजातला फणकारा कुठेतरी गेला होता. "तो कोर्स कसा लावायचा फोनवर? मला लावून दे."

"वहिनी!"

"का? मलाही उजवा हात आहे."

मिस्त्री आनंदाने म्हणाला, "मी आहे डॉक्टर! फुकट शिकवतो!"

"डॉक्टर यांच्याच घरात आहे, तुम्ही गप्प बसा," धाकटी हसत म्हणाली. तिने थोरलीला हात देऊन खाली उतरवलं. "पण वहिनी, सरावाला पेशंट लागतो. रोज संध्याकाळी. आणि बंद तोंडावर शिकून काही उपयोग नाही, एवढं मला कळलंय."

सगळ्यांच्या माना एकदम आप्पांकडे वळल्या.

आप्पांचा एक पाय खुर्चीवरून खाली आलेला होता, चप्पल शोधत होता. त्यांनी थोरलीकडे पाहिलं. घासभर अन्न कुठल्या गालात गेलं, ते महिनाभर बघणारी आणि वेळ येईतो कुणाला न सांगणारी त्यांची सून. मग त्यांनी पाय परत वर घेतला, पाठ टेकवली, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि कुणी काही म्हणायच्या आत तोंड उघडलं, दिव्याचा उजेड पार घशापर्यंत जाईल एवढं मोठं.